परुळेकरांचं दुसरं पान

परुळेकर सर स्वतःच्या हातांवर बसायचे. अक्षरशः. लाइव्ह सर्व्हरवर, म्हणजे जिथे खऱ्या पेशंटची खरी माहिती असते तिथे, काही बदल करायचा असला की आधी ती ओळ टाइप करायची, मग दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीखाली दाबायचे आणि ती ओळ मोठ्याने वाचायची. शेजारी ऐकायला कोणीतरी लागायचंच. "आयकतंस मां?" असं विचारायचे आणि समोरचा 'हो' म्हणेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. वाचून झालं, ऐकणाऱ्याने मान हलवली, की मग एक हात मोकळा व्हायचा आणि एंटर दाबला जायचा. पहिल्या दिवशी मी हे बघितलं तेव्हा मला वाटलं, माणसाला मूळव्याध आहे.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. जेमतेम पंचवीस माणसं. डायलिसिस सेंटरांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. कोणाचा नंबर किती वाजता, कोणतं मशीन, गेल्या वेळी काय झालं, सगळी नोंद आमच्याकडे. परुळेकर आणि मी बॅकएंडला. माझ्या आईला हे काम काय ते कधीच कळलं नाही, तर एकदा सरांनीच तिला फोनवर समजावलं. "वहिनी, हॉटेलात तुम्हाला वेटर दिसतो ना? भटारखाना दिसत नाही. मी आणि तुमची मृणाल भटारखान्यात." आईला ते इतकं पटलं की तेव्हापासून ती मला विचारायची, आज भटारखान्यात काय रांधलं.

माणूस दिसायला अगदी साधा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला शर्ट, खिशात दोन पेनं, डब्यात बारा महिने कुळथाची पिठी नाहीतर माशाचं तिखलं. ऑफिसात एरवी सरळ शुद्ध मराठी. पण जीव लावला की किंवा घाबरले की मालवणी सुरू. आम्ही पोरं म्हणायचो, सर मालवणीत आले म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

वडील गिरणीत, आई गावी. चौथीपर्यंत सर गावच्या शाळेत होते. मग वडिलांनी मुंबईला आणलं, आणि काही वर्षांत गिरणीच बंद पडली. सगळं कुटुंब नाहूरला एका खोलीत. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा कसाबसा झाला, पुढे शिकायचं राहिलं. मुलुंडला एका टायपिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवले, मग एका पतपेढीचे प्रोग्रॅम लिहिले, मग घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले ते पस्तिशी उलटल्यावर, कोणाकडून तरी आणलेल्या झेरॉक्सवरून. मला म्हणायचे, "ही भाषा आमच्या शाळेतल्या बाईंसारखी आहे. समास सोडला नाहीस तर वही भिरकावते." पायथनमध्ये ओळ कुठून सुरू होते याला खरंच फार महत्त्व असतं. ते मी पुस्तकातून चार दिवसांत शिकले नव्हते, ते या एका वाक्यात डोक्यात बसलं.

एक जूनला ऑफिसात त्यांच्यासाठी केक यायचा. रेकॉर्डवर तीच जन्मतारीख. दर वर्षी ते सुरी हातात घेऊन तेच सांगायचे, "माझो वाढदिवस न्हय हो ह्यो. मास्तरांनी दिलेलो. माझी म्हातारी आवस सांगता, मी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जन्मलंय." आम्ही टाळ्या वाजवायचो आणि केक खायचो. सात वर्षं मी तो केक खाल्ला. दरवेळी हसलेसुद्धा.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे माळा. आमच्या सिस्टिममधून काहीही कायमचं पुसता येत नसे. पुसलेली प्रत्येक नोंद एका वेगळ्या जागी जाऊन पडायची, आणि त्या जागेला त्यांनी खरोखर 'माळा' असंच नाव दिलं होतं. मी कुरकुरायचे, सर, यार, किती कचरा साठवायचा! त्यावर म्हणायचे, "तुझ्या बोरिवलीच्या घरात माळा नाही? त्यावर फुटका स्टोव्ह नाही? मग?" काही मोठं काम हातात घेतलं की हमखास मागे येऊन उभे राहायचे. "जातलंस खरी, पण परत कशी येतलंस?" परतायची वाट आधी दाखवल्याशिवाय ते मला पुढे सोडत नसत. कधी कधी ते इतके डोक्यात जायचे की मी वॉशरूममध्ये जाऊन आरशासमोर त्यांची नक्कल करायचे.

आणि मग कंपनी विकायला निघाली.

आमचे मालक नितीन सर, चाळिशीचे, हुशार पण भलते उतावळे. त्यांनी एका सोमवारी सगळ्यांना उभं करून सांगितलं की एक मोठी कंपनी आपल्याला विकत घेतेय. सगळ्यांना घेतीलच असं नाही. प्रत्येकाने आपली व्यावसायिक पार्श्वभूमी लिहून द्यायची, आणि पुढच्या मंगळवारी मुलाखती. मी सरांकडे बघितलं. सर खिशातली पेनं नीट करत होते. घरी मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. वय त्रेपन्न, पदवी नाही. इथून सुटले तर त्यांना दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार होतं? हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्यांनी त्यांचा कागद मला पाठवला. "इंग्रजी जरा बघ गं." पहिल्या पानावर सगळं काम होतं, पण रेशनकार्डावर लिहिल्यासारखं. मी बसून ते चकाचक केलं. मग दुसरं पान उघडलं. वर ठळक मथळा होता: 'माझ्या हातून झालेल्या चुका'.

कप्पाळ! मी डोक्याला हातच लावला. नोकरी मागायला निघालाय की पोलीस चौकीत जबाब द्यायला? खाली चार परिच्छेद होते. मी एकही वाचला नाही. मथळा बघितला, पान निवडलं, उडवलं, आणि उरलेलं एक पान नितीन सरांना पाठवून दिलं. परुळेकर सरांना सांगितलं, "झालं, झकास झालंय." खोटं नव्हतंच ना ते. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं भलं करतेय, त्याला विचारत बसले तर घोळ घालेल. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

मुलाखतीच्या मंगळवारी सकाळी नितीन सर माझ्या टेबलापाशी. मुलुंड, घाटकोपर आणि बोरिवली या तिन्ही सेंटरांत काही पेशंटांची दोन-दोन वेळा नोंद झाली होती. एकच माणूस कधी इथे, कधी तिथे जातो, दोन्हीकडे नवा कागद होतो. घेणाऱ्या कंपनीला दुपारी आकडे दाखवायचे होते आणि ते स्वच्छ हवे होते. "मृणाल, बाराच्या आत हे डबल पेशंट एक करून टाक. प्लीज."

मी कोड लिहिला. नाव तेच, जन्मतारीख तीच, तर माणूस तोच. दोन नोंदींची एक नोंद करायची, जिच्यात शेवटचा बदल झालाय ती ठेवायची. एकेचाळीस जोड्या निघाल्या. सरांना म्हटलं, वाचून दाखवते. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, कपाळावर घाम. म्हणाले, "थांब. माझी मुलाखत झाली की वाच. तोवर हात लावू नको." त्यांची मुलाखत होती बाराची. नितीन सरांना काम हवं होतं बाराच्या आत. मी पावणेदहाला एंटर दाबला. हात मांडीखाली नव्हते आणि शेजारी कोणी नव्हतं.

साडेबाराला घाटकोपरहून फोन. रेश्मा, तिथली टेक्निशियन, सात वर्षं ओळखीची.

"ताई, आमच्या कदम आजोबांचं बीपी एकदम खाली गेलं. शांताराम कदम. डोळेच फिरवले गं त्यांनी. मशीन थांबवलंय, सलाइन लावलंय, डॉक्टर आहेत. पण ताई, यांचं ड्राय वेट स्क्रीनवर त्रेपन्न का दाखवतंय? त्यांचं पंचावन्न आहे. दर वेळी मीच लावते. आज माझ्या जागी नवीन मुलगी होती, तिने स्क्रीनवर होतं ते लावलं."

ड्राय वेट म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर पेशंटचं जे वजन राहायला हवं ते. मशीन त्या आकड्यावर चालतं. आजोबा सत्तावन्न किलोचे आले होते. दोन लिटर काढायचं तिथे मशीन चार लिटर काढायला निघालं होतं. मी शोधलं. मुलुंडला आणखी एक शांताराम कदम होते. त्यांचं ड्राय वेट त्रेपन्न.

दोन वेगळी माणसं. आणि मी त्यांचा एक माणूस केला होता.

असे एकूण किती? एकेचाळीस जोड्यांतले कोण कोण? काहींना कावीळ असते, त्यांना वेगळं मशीन लागतं. ती खूणही नोंदीतच असते. वाट लागली, हेच शब्द डोक्यात फिरत होते, दुसरं काही सुचेना. चार वाजता पुढची बॅच लागणार होती.

सर काचेच्या केबिनमध्ये होते. समोर त्या कंपनीच्या बाई, बाजूला नितीन सर. त्यांना बाहेर काढलं तर त्यांची नोकरी गेली. नाही काढलं तर? मी दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी दार ढकललं.

नेमकं त्याच वेळी बाई विचारत होत्या, "इतक्या वर्षांत तुमच्याकडून कधी मोठी चूक झाली का?" आणि सर शांतपणे सांगत होते, "ते दुसऱ्या पानावर लिहिलंय मॅडम." बाईंनी हातातला कागद उलटा केला. "दुसरं पान नाहीये."

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघून त्यांना दोन्ही गोष्टी कळल्या असाव्यात. पानाचं त्यांनी विचारलं नाही. विचारलं एवढंच, "काय झाला?"

"कदम म्हणून दोघं आहेत सर. मी एक केले. घाटकोपरचे बेशुद्ध पडलेत."

ते उठले. बाई म्हणाल्या, आपलं बोलणं अर्धवट आहे. नितीन सर दातओठ खात म्हणाले, "परुळेकर, दहा मिनिटं." सर म्हणाले, "नाय. माका जाऊक व्हया." आणि बाहेर आले. खुर्ची मागे सारली होती तशीच राहिली.

मी कीबोर्डकडे झेपावले. त्यांनी माझं मनगट धरलं. पहिल्यांदा आणि शेवटचं. "हात खाली! आदी माणूस, मगे मशीन. तिन्ही सेंटरांक फोन कर. सांग, स्क्रीन बघू नका, कागदाची फाइल काढा." त्या कागदी फायली ठेवायला लावल्या होत्या त्यांनीच, आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा. मी फोन केले. मुलुंडचा लागेना. एकदा, दोनदा, पाचदा. सर उभ्यानेच म्हणत होते, "लाव. परत लाव." सातव्यांदा लागला.

मग ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "माळ्यार सगळा आसा?" होतं. माझ्या कोडने उडवलेली प्रत्येक नोंद माळ्यावर जाऊन पडली होती, जशीच्या तशी. मी ज्याला कचरा म्हणायचे तो. मला तिथेच रडू फुटलं. ते म्हणाले, "रडाचा नंतर. एकेचाळीस जोड्यो आसत. एक एक खाली उतरवची. तू वाच, मी आयकतंय."

मी हात मांडीखाली घातले आणि वाचायला लागले. नाव, वय, पत्ता, सेंटर, ड्राय वेट, काविळीची खूण. मग फोनवर सेंटरला विचारायचं, तुमच्या फाइलमध्ये काय आहे. जुळलं की एक हात मोकळा, एंटर, आणि पुन्हा हात खाली. मला वाटत होतं सगळ्या एकदम परत आणाव्यात, दोन मिनिटांचं काम. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "सकाळी एकदम केलंस तां पुरे झाला." एक वाजला, दोन वाजले. नितीन सर दोनदा येऊन गेले. केबिनमध्ये दुसऱ्यांच्या मुलाखती चालू होत्या, काचेतून दिसत होत्या. सरांनी तिकडे मान वळवली नाही. पंधराव्या जोडीला रेश्माचा फोन आला, आजोबा शुद्धीवर आले, बीपी चढलंय, चहा मागतायत. सरांनी डोळे मिटले, चष्मा पुसला. "सोळावी वाच."

पावणेचारला एकेचाळिसावी संपली. एकोणीस जोड्या खरंच एकाच माणसाच्या होत्या. बावीस नव्हत्या. एका जोडीत काविळीची खूण पुसली गेली होती, आणि त्या पेशंट बाईंचा नंबर चारच्या बॅचमध्ये होता.

त्या बावीस जोड्यांतल्या विसांची जन्मतारीख एक जून होती.

मी ते सरांना दाखवलं. मग मीच सांगितलं, की तुमचं दुसरं पान मी उडवलं.

"वाचलंस?"

"नाही. मथळा बघितला नि उडवलं."

"आता वाच."

मी जुनी फाइल उघडली. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मी ते खाली घेतले. पहिली चूक टायपिंग क्लासमधली, दुसरी पतपेढीतली. तिसरी अशी होती: 'घाटकोपरच्या लॅबचं काम. नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच, असं मी धरून चाललो. सावित्री गावडे नावाच्या दोन बायका होत्या. दोघींची जन्मतारीख एक जून, कारण खरी दोघींनाही ठाऊक नव्हती. आपल्याकडच्या अर्ध्या म्हाताऱ्या माणसांची तारीख शाळेत मास्तरांनी नाहीतर खिडकीवरच्या कारकुनाने लावलेली असते. एकीचा साखरेचा रिपोर्ट दुसरीला गेला. अकरा दिवस तिने नको ती गोळी घेतली आणि चक्कर येऊन पडली, मनगट मोडलं. मी तिच्या घरी जाऊन चूक सांगितली. तेव्हापासून मी एकटा एंटर दाबत नाही.'

चौथी मला वाचता आली नाही. सर उठले, डब्याची पिशवी उचलली. "उद्या कदमांकडे जा आणि सांग," एवढं म्हणाले आणि घरी गेले. पुढचा आठवडाभर ते माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. कोणी म्हणेल, मोठ्या मनाने माफ केलं असेल. छे! रागावले होते, आणि ते दिसत होतं.

मी दुसऱ्या दिवशी घाटकोपरला कदम आजोबांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्यांची सून तडकली, ते बरोबरच होतं. आजोबा म्हणाले, "एक जून व्हय? ती मास्तरानं लावली. आई म्हणायची, मी सुगीत झालो." आणि मला पाणी द्यायला सांगितलं सुनेला.

त्या कंपनीच्या बाईंना मी मेल लिहिला. पान मी उडवलं, त्यांनी नाही. चूक मी केली, निस्तरली त्यांनी. उत्तर आलं नाही. नितीन सर म्हणाले, "आता नको उकरूस ते." पुढे त्यांच्याच तोंडून कळलं की बाईंचं मत आधीच झालं होतं. या माणसाने चुका लपवल्या, आणि विचारल्यावर उठून गेला. महिन्याने यादी लागली. परुळेकरांना घेतलं नाही. मला घेतलं. माझं पान एकदम स्वच्छ होतं ना!

शेवटच्या दिवशी त्यांनी दोन पेनांतलं एक माझ्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "सर, माझ्यामुळे तुमची..." ते म्हणाले, "तुझ्यामुळेच. मी नाय म्हणूचंय नाय." मग म्हणाले, "पण त्या दिवशी तू दार ढकललंस. नसतंस ढकललंस तर मी तुझा तोंड बघूक नसतंय." आणि जिना उतरून गेले. सात महिने घरी बसले. मुलीची शेवटची परीक्षा त्याच दरम्यान झाली, त्यांच्या बायकोने शिकवण्या धरल्या. आता मुलुंडच्या एका छोट्या लॅबमध्ये आठवड्यातून तीन दिवस जातात. मी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी फोन करते. एक जूनला करत नाही.

मागच्या आठवड्यात मी दुसरीकडे अर्ज करायला घेतला. पुन्हा तेच, व्यावसायिक पार्श्वभूमी लिहून द्या. पहिलं पान अर्ध्या तासात झालं. दुसऱ्याला दोन दिवस लागले. मथळा त्यांचाच घेतला. खाली पहिलाच परिच्छेद शांताराम कदमांचा, आणि त्याखाली दुसरा, 'मी दुसऱ्या माणसाचं पान न वाचता उडवलं आणि त्याची नोकरी गेली.'

पाठवायच्या आधी सरांना फोन लावला. नाहूरला घरी होते, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. म्हटलं, "सर, एक वाचून दाखवायचंय. ऐकताय ना?"

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हात खंय आसत तुझे?"

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"खाली आहेत सर."

"मगे वाच. आयकतंय."